गेममध्ये यानाची रेंज गेली की अँटेना बदलतात, खऱ्या अवकाशात काय करतात? उत्तर पुणे जिल्ह्यातल्या खोडदला आहे

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' हे मराठवाड्यात लहान पोरालाही पाठ असतं. पण १९ ऑक्टोबर २०१६ या दिवशी खुद्द जर्मनीचे कान लागले होते ते पुणे जिल्ह्यातल्या एका गावाकडं. गावाचं नाव खोडद. नारायणगावच्या जवळ.

झालं असं होतं की जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात युरोपियन स्पेस एजन्सीचं कंट्रोल सेंटर आहे. शियापरेली नावाचं त्यांचं एक यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होतं. भारतात रात्रीचे आठ वाजून गेले होते. हे यान उतरत असताना त्याचा आवाज पृथ्वीवर थेट ऐकायचं काम खोडदच्या डिश करत होत्या. आवाज येत होता. पॅराशूट उघडायची वेळ झाली, तरी येत होता. आणि यान जमिनीला टेकायच्या थोडंसं आधी तो अचानक बंद झाला.

मंगळ त्या दिवशी पृथ्वीपासून साधारण १७ कोटी ६० लाख किलोमीटर लांब होता. यानाचा ट्रान्समीटर मात्र इतक्या लांब बोलण्यासाठी बनवलेलाच नव्हता. मग तो खोडदला ऐकू कसा आला?

हे समजून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता एका कम्प्युटर गेममधून जातो.

हिरव्या माणसांचा गेम आणि गेलेली रेंज

गेमचं नाव कर्बल स्पेस प्रोग्रॅम. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीनं तो बनवला. २०११ साली त्याचं पहिलं रूप लोकांसमोर आलं आणि २०१५ मध्ये पूर्ण गेम आला. त्यात तुम्हाला एक अवकाश संस्था चालवायची असते. कर्बिन नावाचा पृथ्वीसारखा ग्रह, त्याचे मुन आणि मिनमस हे दोन चंद्र, लांबवर मंगळासारखा लाल ड्युना, आणि रॉकेटमध्ये बसायला हिरव्या रंगाची छोटी माणसं. दिसायला कार्टून, पण रॉकेट उडतं ते खऱ्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी. म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांपासून खऱ्या अवकाश शास्त्रज्ञांपर्यंत अनेकजण तो खेळतात.

सुरुवातीला या गेममध्ये एक सोय होती. यान कितीही लांब गेलं तरी तुमचं ऐकायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे शियापरेली मंगळावर पोचलं त्याच महिन्यात, गेमची १.२ आवृत्ती आली आणि ही सोय संपली. आता माणूस नसलेल्या यानाला घरून हुकूम द्यायचा असेल तर सिग्नल पोचला पाहिजे. सिग्नल नसेल तर इंधन भरलेलं, बॅटरी चार्ज असलेलं, सगळं काही ठीक असलेलं यान तुमच्या डोळ्यांसमोर ड्युनाच्या बाजूनं निघून जातं आणि तुम्ही काही करू शकत नाही.

नवीन खेळणाऱ्याचं पहिलं यान बहुतेक वेळा असंच जातं. मग तो शोधायला लागतो की अँटेना अपग्रेड कसा करायचा.

रेंजला दोन टोकं असतात

परभणीहून जिंतूरकडं जाताना एखाद्या ठिकाणी फोनची रेंज गेली तर आपण काय करतो? फोन वर धरतो, गच्चीवर जातो, नाहीतर चांगला फोन घ्यायचं ठरवतो. पण दुसराही एक उपाय असतो, कंपनीनं जवळ मोठा टॉवर उभा करायचा. फोन तोच, रेंज मात्र आली. म्हणजे रेंज ही एकट्या फोनची नसते आणि एकट्या टॉवरचीही नसते. ती दोघांची मिळून असते.

कर्बलमध्ये हेच गणित उघड मांडलंय. प्रत्येक अँटेनाला ताकदीचा एक आकडा दिलेला असतो. जमिनीवरच्या ट्रॅकिंग स्टेशनलाही तसाच आकडा असतो. दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, आणि येईल तितके मीटर तुमची रेंज.

उदाहरण घेऊ. कम्युनोट्रॉन १६ हा सगळ्यात साधा अँटेना, त्याची ताकद ५ लाख. पहिल्या पातळीच्या ट्रॅकिंग स्टेशनची ताकद २०० कोटी. गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की येतात साधारण ३१,६०० किलोमीटर. मुन १२,००० किलोमीटरवर आहे, त्यामुळं तिथं काम होतं. मिनमस ४७,००० किलोमीटरवर आहे, तिथं रेंज जाते.

आता इथं खेळणाऱ्यापुढं दोन रस्ते आहेत. एक, यानावर मोठा अँटेना लावा. दोन, यानाला हातही न लावता पैसे खर्चून ट्रॅकिंग स्टेशन वाढवा. स्टेशन दुसऱ्या पातळीला नेलं की त्याची ताकद ५,००० कोटी होते आणि तोच काडीसारखा अँटेना १ लाख ५८ हजार किलोमीटरवरून बोलायला लागतो. तिसऱ्या पातळीला ताकद २५,००० कोटी होते आणि रेंज साडेतीन लाख किलोमीटरच्या पुढं जाते.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. स्टेशनची ताकद पहिल्या पातळीपासून तिसरीपर्यंत १२५ पट वाढली, पण रेंज वाढली फक्त ११ पट. वर्गमूळ आहे ना! हे वर्गमूळ गेमवाल्यांनी उगाच घातलेलं नाही. खऱ्या रेडिओ सिग्नलचा नियमच तसा आहे. अंतर दुप्पट झालं की सिग्नल निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. अंतर दहापट झालं की शंभरावा हिस्सा. त्या दिवशीचा मंगळ आपल्या चंद्रापेक्षा साधारण ४५८ पट लांब होता. म्हणजे तोच ट्रान्समीटर चंद्रावर ठेवला असता तर जितका ऐकू आला असता, त्याच्या दोन लाखांवा हिस्सासुद्धा मंगळावरून येत नाही.

डिश मोठी म्हणजे नेमकं काय होतं?

गेममध्ये मोठ्या अँटेनाला मोठा आकडा लिहिलेला असतो, संपला विषय. खऱ्या डिशचं काम समजायला पावसाचं पाणी आठवा. अंगणात वाटी ठेवली तर थोडं पाणी जमतं, परात ठेवली तर जास्त. पाऊस तोच. रेडिओ लहरी सगळीकडं पडतच असतात. डिश त्या गोळा करून एका जागी आणते. जितकं क्षेत्रफळ जास्त, तितका सिग्नल जास्त.

हे क्षेत्रफळ शेताच्या मापात बघा, लगेच डोळ्यांसमोर येईल. बंगळुरूजवळ ब्यालालू इथं इस्रोची ३२ मीटर व्यासाची डिश आहे. चांद्रयान १ च्या वेळी ती उभी राहिली. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास आठ गुंठे भरतं. नासाच्या सगळ्यात मोठ्या डिश ७० मीटरच्या, त्या साधारण ३८ गुंठे, म्हणजे एकराला थोडं कमी.

डिशचा दुसरा फायदा बोलताना होतो. उघडा बल्ब सगळ्या खोलीत उजेड पाडतो, तोच बल्ब बॅटरीच्या आरशात बसवला की एका दिशेनं लांबपर्यंत झोत जातो. डिश तो आरसा आहे. म्हणून यानांवर बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारचे अँटेना असतात. आपल्या मंगळयानावर कमी, मध्यम आणि जास्त ताकदीचे अँटेना होते. पृथ्वीच्या जवळ असताना छोट्यावर काम भागतं. मंगळावरून बोलायला २.२ मीटरची डिश लागली.

पण झोत जितका अरुंद, तितका नेम धरावा लागतो. नासाचं व्हॉयेजर २ हे यान १९७७ साली निघालं. त्याच्या ३.७ मीटर डिशचा झोत साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे आकाशात पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढाच रुंद. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या कमांडमुळं ही डिश फक्त दोन अंशांनी फिरली आणि यान मुकं झालं. त्यात काही बिघडलं नव्हतं, फक्त तोंड भलतीकडं होतं. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या मोठ्या डिशवरून जोरात हाक मारली गेली. ती यानानं ऐकली, डिश परत वळवली, आणि ४ ऑगस्टला ते पुन्हा बोलायला लागलं.

मधला माणूस कामाला येतो

गेममधला दुसरा धडा रिलेचा. कर्बलमध्ये काही अँटेना फक्त स्वतःचं बोलतात. आरए मालिकेतले अँटेना मात्र दुसऱ्याचं ऐकून पुढं पोचवतात. नवीन खेळाडू इथंच फसतो. तो मोठ्या ताकदीचा कम्युनोट्रॉन लावलेला उपग्रह ड्युनाभोवती सोडतो आणि खाली उतरलेली गाडी त्याच्यामार्फत बोलेल म्हणून वाट बघत बसतो. गाडी बोलत नाही, कारण वरचा अँटेना निरोप्या नाही.

खऱ्या जगात उतरणारी यानं जवळजवळ नेहमीच निरोप्याच्या भरवशावर असतात. मोठी डिश जड असते, आणि उतरणाऱ्या यानात एकेक किलोचा हिशोब असतो. त्यामुळं त्यात छोटा रेडिओ बसवतात आणि ग्रहाभोवती फिरणारं दुसरं यान तो आवाज पृथ्वीपर्यंत आणतं.

चांद्रयान ३ आठवा. प्रज्ञान रोव्हर थेट पृथ्वीशी बोलत नव्हता, तो फक्त विक्रम लँडरशी बोलायचा. विक्रम थेट ब्यालालूशी बोलू शकत होता. आणि गरज पडली तर म्हणून २०१९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान २ च्या ऑर्बिटरशीही त्याची ओळख करून दिली होती. २३ ऑगस्ट २०२३ ला लँडिंग झालं, त्याच्या दोन दिवस आधी हा संपर्क जुळला. चांद्रयान २ चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ ला संपर्क तुटून पडला होता, पण वरचा ऑर्बिटर टिकला आणि पुढच्या मोहिमेचा निरोप्या म्हणून तयार राहिला.

यान निघून गेल्यावर अपग्रेड कसं करतात?

गेममध्ये अँटेना चुकला तर जुना सेव्ह उघडता येतो. खऱ्या यानाला एकदा उडवलं की स्क्रू आवळायलाही कुणी जाऊ शकत नाही. मग एकच टोक हातात उरतं, आपलं. जमिनीवरचं.

याचं मोठं उदाहरण गॅलिलिओ या यानाचं. गुरू ग्रहाकडं जाणारं नासाचं हे यान ऑक्टोबर १९८९ मध्ये निघालं. त्याची मुख्य डिश छत्रीसारखी मिटलेली होती आणि वाटेत उघडायची होती. एप्रिल १९९१ मध्ये कमांड दिली तर छत्री अर्धवटच उघडली. काही काड्या अडकून बसल्या. यानाला उडायला अनेक वर्षं उशीर झाला होता. त्या काळात ट्रकमधून होणाऱ्या ने-आणीत काड्यांवरचं वंगण झिजलं असावं, असा निष्कर्ष निघाला.

ही डिश सेकंदाला १,३४,००० बिट पाठवणार होती. उरला एक छोटा अँटेना, जो गुरूवरून सेकंदाला मोजून दहा-पंधरा बिट पाठवू शकत होता. एक फोटो यायला आठवडे लागले असते.

मग इंजिनिअर लोकांनी दोन कामं केली. यानाला नवीन सॉफ्टवेअर पाठवून माहिती दाबून छोटी करायला शिकवलं. आणि जमिनीवर वेगवेगळ्या ठिकाणच्या मोठ्या डिश एकत्र जोडून त्यांना एकाच डिशसारखं ऐकायला लावलं. वेग सेकंदाला १६० बिटपर्यंत गेला. ठरवलेल्यातलं सुमारे ७० टक्के विज्ञान त्या फाटक्या छत्रीच्या यानानं करून दाखवलं.

व्हॉयेजरचंही तेच. कॅनबेराची डिश आधी ६४ मीटरची होती. व्हॉयेजर २ नेपच्यूनला १९८९ मध्ये पोचणार म्हणून ती १९८७ मध्ये ७० मीटरची केली. यान तेच, त्याचा ट्रान्समीटर तोच, फक्त बावीस-तेवीस वॅटचा, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. जुन्या सुट्या भागांची दुरुस्ती आणि बदल करायला हीच डिश मार्च २०२० मध्ये बंद केली, तेव्हा व्हॉयेजर २ ला हुकूम देणारं पृथ्वीवर दुसरं कुणीच उरलं नाही. ते यान ज्या दिशेला आहे, तिथवर दक्षिण गोलार्धातूनच बोलता येतं. २९ ऑक्टोबर २०२० ला दुरुस्त डिशवरून चाचणीचा हुकूम गेला आणि साधारण ३५ तासांनी उत्तर आलं. यान शाबूत होतं.

आता खोडदला चला

खोडदला आहे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळे ज्याला जीएमआरटी म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवतं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली.

तिथं ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश आहेत. चौदा डिश मधल्या चौरसात दाटीनं, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढ्या मोठ्या डिश कमी खर्चात बांधायच्या तर पत्रा वापरून जमणार नव्हतं. म्हणून स्वरूप यांनी स्टीलच्या तारांचा ताण देऊन त्यावर बारीक तारांची जाळी बसवली. जाळीतून वारा निघून जातो, रेडिओ लहरी मात्र परत फिरतात, कारण त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा खूप मोठी असते.

तिसांच्या तिसांचं क्षेत्रफळ मिळवलं तर जवळपास बारा एकर होतं. ब्यालालूची डिश आठ गुंठे होती, हे आठवा.

कर्बलमध्येसुद्धा अँटेना जोडता येतात. ड्युना कर्बिनपासून सगळ्यात लांब असतो तेव्हा अंतर साडेतीन कोटी किलोमीटरच्या घरात जातं. डीटीएस-एम१ नावाचा मधल्या दर्जाचा एक अँटेना आणि तिसऱ्या पातळीचं स्टेशन मिळून सव्वादोन कोटी किलोमीटरपर्यंतच पोचतात. तेच चार अँटेना एका यानावर लावले तर रेंज पावणेचार कोटींवर जाते आणि काम होतं. फक्त चार अँटेना लावल्यानं गेममध्ये ताकद चौपट होत नाही, २.८ पट होते.

खऱ्या जगात डिश जोडणं याहून अवघड. एकच लहर वेगवेगळ्या डिशवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. तो सेकंदाच्या अगदी बारीक भागाचा फरक मोजून सगळे सिग्नल एका तालात आणावे लागतात. लेझीम खेळताना तीस जण एकत्र वाजवतात तेव्हा गाव ऐकतं. ज्याला-त्याला वाटेल तसं वाजवलं तर फक्त गोंगाट होतो.

आता येतो अपग्रेडचा मुद्दा. जीएमआरटी बांधली तेव्हा तिचे रिसीव्हर ठरावीक पट्ट्यांतच ऐकायचे. त्यातला एक ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपास, पुढचा थेट ६१० च्या आसपास. मागच्या दशकात डिश त्याच ठेवून आतले रिसीव्हर आणि मागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलायचं काम झालं. आता ही दुर्बीण १२० पासून १,४६० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकते. एका वेळी ऐकायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता, तो ४०० पर्यंत गेला.

शियापरेलीचा रेडिओ ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता. जुन्या दोन पट्ट्यांच्या मधल्या खिंडीत. नव्या २५० ते ५०० च्या पट्ट्यात मात्र तो बरोबर बसत होता.

त्या रात्री काय ऐकू आलं?

शियापरेलीचा आवाज मुळात मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. ज्या यानानं त्याला तिथवर नेलं, ते ट्रेस गॅस ऑर्बिटर त्याची सगळी माहिती टिपून घेणार होतं. पण ऑर्बिटर स्वतः त्याच वेळी मंगळाच्या कक्षेत शिरण्यात गुंतलेलं. ती माहिती पृथ्वीवर यायला उशीर लागणार होता. त्या क्षणी काय चाललंय हे कळायचं एक साधन म्हणजे खोडद.

इतक्या लांबून माहिती वाचणं शक्य नव्हतं, आणि तसा प्रयत्नही नव्हता. खोडदला ऐकायची होती फक्त यानाची शिट्टी, म्हणजे मूळ सूर. रेल्वे फाटकावर उभं राहिल्यावर गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा आणि लांब जाताना उतरता वाटतो ना? तसंच यानाचा वेग बदलला की त्याचा सूर सरकतो. सूर कसा सरकतोय यावरून वातावरणात शिरून वेग कमी होतोय का, पॅराशूटचा धक्का बसला का, हे सांगता येतं. नासाच्या मदतीनं खोडदला याची तयारी केली होती. आवाजाला मंगळावरून इथं यायला ९ मिनिटं ४७ सेकंद लागत होते, म्हणजे खोडदला जे ऐकू येत होतं ते घडून जाऊन दहा मिनिटं होत आली होती.

सूर आला, ठरल्यासारखा सरकत गेला, आणि मग थांबला.

पुढं ऑर्बिटरनं टिपलेली माहिती पोचली आणि कारण सापडलं. यानाचं फिरणं मोजणारं उपकरण काही क्षण त्याच्या मर्यादेला जाऊन अडकलं. त्यामुळं कम्प्युटरचा हिशोब असा चुकला की त्याला वाटलं, यान जमिनीच्याही खाली गेलंय. त्यानं पॅराशूट सोडलं, इंजिनं फक्त काही सेकंद चालवली, आणि आपण उतरलोय असं समजून पुढची कामं सुरू केली. प्रत्यक्षात यान जमिनीपासून ३.७ किलोमीटर उंचावर होतं. तिथून ते कोसळलं.

यान गेलं, पण का गेलं ते कळलं. माहिती टिपणारं कुणी नसतं, तर मंगळावरच्या एका काळ्या डागाच्या फोटोशिवाय हातात काहीच उरलं नसतं, आणि पुढच्या यानात तीच चूक परत झाली असती. अवकाश मोहिमेत अँटेनावर एवढा जीव का टाकतात, ते इथं कळतं.

गेम कुठं सूट देतो?

कर्बल खेळून अँटेनाचा पाया पक्का होतो, पण गेम तीन ठिकाणी आपल्याला सांभाळून घेतो.

पहिलं म्हणजे उशीर. गेममध्ये बटण दाबलं की यान लगेच वळतं. खऱ्या मंगळयानाला हुकूम पोचायला ग्रह कुठं आहेत त्यावर साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणून उतरायचं काम यानाला स्वतःच करावं लागतं.

दुसरं, गेममधली रेंज एका आकड्याला संपते. खऱ्या जगात ती अशी कापल्यासारखी संपत नाही. सिग्नल कमजोर होत जातो आणि बोलायचा वेग घसरत जातो. गॅलिलिओ हळू बोलत होतं, पण बोलत होतं.

तिसरी सूट सगळ्यात मोठी, ती म्हणजे गोंगाट. गेममध्ये आकाश शांत असतं. खऱ्या पृथ्वीवर मोबाइल टॉवर, वायफाय, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, गाड्यांची इंजिनं, सगळं रेडिओ लहरी सोडत असतं. अवकाशातून येणारी कुजबुज त्यात बुडून जाते. डिश कितीही मोठी करा, शेजारी डीजे लावला असेल तर कुजबुज ऐकू येणार नाही.

खोडदची जागा निवडताना हेच बघितलं होतं. शहरापासून लांब, भोवती डोंगरांचा आडोसा. आता तोच भाग वाढतोय. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आधी ठरलेला मार्ग याच परिसरातून जात होता. रेल्वेमुळं दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल असा मुद्दा आला आणि मार्ग बदलायचं ठरलं. जुन्नर, आंबेगाव, खेड भागातल्या लोकांना मात्र रेल्वे आपल्याच भागातून हवी आहे. गाडी आली तर शेतमालाला, नोकरीला रस्ता मिळतो, त्यामुळं त्यांचं म्हणणं चूक आहे असं कुणी म्हणू शकत नाही. पण दुर्बीण उचलून दुसरीकडं नेता येत नाही, आणि गेलेली शांतता कोणत्याही पातळीच्या अपग्रेडमध्ये विकत मिळत नाही.

परभणीकरांना हा प्रश्न लांबचा वाटत असेल, तर तो तसा राहणार नाही. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया हा प्रकल्प उभा राहतोय. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र रेडिओ लहरी नाही, तर गुरुत्वीय लहरी ऐकणार आहे. त्याला आकाशाची नाही, जमिनीची शांतता लागते. जवळून जाणारा जड ट्रक किंवा दगडाची खाण यांचा हादराही त्याला त्रास देतो.

म्हणजे रस्ता कुठून न्यायचा, खाणीला परवानगी कुठं द्यायची, हे जुन्नरमध्ये चाललेलं बोलणं उद्या औंढ्याच्या भागातही होऊ शकतं. तेव्हा ते यंत्र नेमकं काय ऐकतंय आणि त्याला शांतता कशाला लागते, हे आधीपासून माहीत असलेलं बरं.